साहेबांकडे तोंड करून

वरून तिसऱ्या पायरीवर माझा उजवा गुडघा मला न विचारता निघून गेला. म्हणजे पाय होता, पँट होती, पँटीच्या टोकाला चप्पलही होती; पण जिथे गुडघा असल्याची माणसाला एरवी आठवणसुद्धा नसते, तिथे एकदम काहीच नव्हतं. आणि मग लगेच वाटीच्या मागून अशी कळ आली, की डोळ्यांपुढचा जिना पिवळा झाला. हातात फायली होत्या. त्या मी सोडल्या नाहीत. सरकारी नोकरीत माणूस पडलेला चालतो, फायली पडलेल्या चालत नाहीत. मी कठड्याला मिठी मारली, एक पायरी खाली टाकून बघितली, पुन्हा तीच कळ. आमच्या ऑफिसचा जिना लाकडी, अरुंद आणि उभाच्या उभा. इमारत ज्या कुणी बांधली त्याला लोकांनी वर जावं एवढंच मंजूर असावं. शेवटी मी शिडीवरून उतरतात तसा वळलो, तोंड वर केलं आणि मागे मागे पाय टाकत उतरायला लागलो. आश्चर्य म्हणजे दुखलं नाही. चवड्याने चाचपायचं, पाय टेकवायचा, भार सोडायचा. इतकं बरं वाटलं की मी हसलो. त्याच वेळी वर खोलीच्या दारात साहेब उभे होते. मी त्यांच्याकडे बघत, फायली छातीशी धरून, हसत हसत, एकेक पायरी मागे सरत खालपर्यंत गेलो. आणि खाली, पाण्याच्या माठाशी, ईश्वरप्पा उभा होता.

ईश्वरप्पा आमचा शिपाई. रिटायर व्हायला आलेला, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, रोज सकाळी तळ्यातल्या देवळात जाऊन मगच ऑफिसचं कुलूप उघडणारा. देवळातून निघताना तो देवाकडे कधी पाठ करत नाही. गाभाऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत मागे मागे येतो, मागून येणाऱ्यांच्या पायांवर पाय देत. त्याने मला खाली पोचेपर्यंत पाहिलं, हातातला तांब्या बाजूला ठेवला आणि म्हणाला, "हे बरं केलं बघा अण्णा. मोठ्या माणसाला पाठ दाखवायचं नसतं. हे आजकाल कुणाला कळतंय म्हणतो मी?" मी म्हणालो, "ईश्वरप्पा, गुडघा दुखतोय हो." तो म्हणाला, "दुखतंय की. भक्ती म्हटलं की दुखतंयच." आणि त्याने ही गोष्ट अत्यंत चांगल्या हेतूने, माझ्या कौतुकापोटी, गिरणीच्या दुपारच्या भोंग्याच्या आत सगळ्या टेबलांवर पोचवली.

आता हे साल कुठलं, तर संपानंतरचं. राज्यभरातल्या कर्मचाऱ्यांचा तो लांबलचक संप मिटून काही महिनेच झाले होते. संपात आम्ही कलेक्टर कचेरीपुढे बसलो होतो, घोषणा देऊन घसे बसवले होते, घरी शेंगदाण्याच्या चटणीवर आणि कडक भाकरीवर दिवस काढले होते. त्या संपात आमच्या शाखेचा सेक्रेटरी जोतीराम होता आणि जोतीरामच्या शेजारी सतरंजीवर मी. आम्ही एकाच दिवशी नोकरीला लागलो. तो जेऊरचा, मी मंगळवेढ्याच्या पलीकडच्या माळावरचा; दोघांनाही शहरात कुणी ओळखत नव्हतं म्हणून आम्ही एकमेकांना ओळखायला लागलो आणि तेव्हापासून एका डब्यात जेवतो. म्हणजे डबे दोन, पण मधे कागद पसरायचा आणि त्यावर दोन्ही पालथे करायचे. त्या दुपारी मी कागद पसरला. जोतीरामने आपला डबा मांडीवर घेतला, झाकण हातात ढालीसारखं धरलं आणि भिंतीकडे तोंड करून जेवला. मी म्हणालो, "आरं, गुडघा दुखतुय माजा." तो न वळता म्हणाला, "वर जाताना न्हाय दुखत? वर तर लई टनाटन जातूयास." आणि हे खरं होतं. वर जाताना दुखत नव्हतं. निदान फारसं नव्हतं. माझ्या दुखण्यातला हाच सगळ्यात वाईट भाग होता: साहेबांकडे जाताना मला ते होत नसे, साहेबांकडून येताना होत असे.

दुखणं कसं असावं, तर दिसणारं असावं. माझ्या गुडघ्याला सूज नव्हती, लाली नव्हती. सरकारी दवाखान्यात फोटो काढला, तो मी मोठ्या आशेने ऑफिसात नेला, खिडकीच्या उजेडात धरला. सगळे जमले. हाडं इतकी सुरेख आली होती की टायपिस्ट म्हणाला, "लग्नाला दाखवा." फोटोवर डॉक्टरांनी दोष नाही असं लिहिलं होतं. पंधरा वर्षं मी लोकांचे अर्ज पुराव्याअभावी परत पाठवत आलो. आता माझाच अर्ज परत आला. आणि एकदा पुरावा नाही म्हटल्यावर माणूस स्वतःवरच शंका घ्यायला लागतो. मी जागेवर बसलो की थोड्या वेळाने वाटीत ठुसठुस सुरू होई. सिनेमाला गेलो तर मध्यंतराच्या आधीच गुडघा ताठ. मग मी उभा राही, पाय झटके, मागून लोक ओरडत, "ओ, बसा की खाली, हिरॉईन दिसंना!" शेजारी बायको, केराबाई, पदरात तोंड लपवी. संडासात मी नळाच्या पाइपाला धरून बसे आणि पाइपाला धरूनच उठे, आणि तो पाइप एक दिवस निघून हातात येणार या चिंतेने मला बद्धकोष्ठ झालं. हे सगळं खरं होतं. पण जिन्याशी आलो की वाटे, हे खरंच गुडघ्यात आहे का? की पाठीच्या कण्यात आहे? साहेब दारात आले की माझ्या अंगात आपोआप काहीतरी वाकतंच, पहिल्यापासून वाकतं. संपात घोषणा देतानाही, साहेबांची जीप गेली तेव्हा मी मूठ जरा कमी वर नेली होती. जोतीरामला ते दिसलं असेल का? गुडघ्याला हे कळलं आणि त्याने माझा स्वभाव जिन्यावर उघडा पाडला, असं काही झालं असेल का?

डॉक्टरांनी मग मला व्यायामाच्या खोलीत पाठवलं. तिथे दाक्षायणीबाई होत्या. अक्कलकोटकडच्या, बुटक्या, आवाज शाळेतल्या बाईंचा. त्यांनी मला टेबलावर पाय लांब करून बसवलं, पंचा गुंडाळून गुडघ्याखाली ठेवला आणि म्हणाल्या, "हा पंचा गुडघ्याने खाली दाबा बघू. मांडी कडक करा." मी दात आवळले, मान ताठ केली, मुठी वळल्या. त्या म्हणाल्या, "तोंड नका कडक करू, मांडी करा." मग त्यांनी दोन बोटं माझ्या मांडीवर, वाटीच्या वर, आतल्या अंगाला टेकवली. "इथे. इथलं काहीच होत नाहीये. झोपलंय बघा हे." त्यांनी समजावलं ते असं: मांडीचा पुढचा मोठा स्नायू चार भागांचा. बाहेरच्या अंगाचा भाग वाटीला बाहेर ओढतो, आतल्या अंगाचा आत. दोघांनी वेळेवर ओढलं तर वाटी आपल्या खाचेतून सरळ चालते. माझा आतला भाग उशिरा जागा होत होता. तोवर बाहेरचा वाटी आपल्याकडे घेऊन गेलेला असे. मग वाटी घासे. मी विचारलं, "हा झोपला का?" त्या म्हणाल्या, "दुखतंय म्हणून." "आणि दुखतंय का?" "तो झोपलाय म्हणून." मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. आमच्या भूसंपादन खात्यात असंच असतं. जमीन ताब्यात नाही म्हणून कालवा नाही आणि कालवा नाही म्हणून जमीन ताब्यात नाही. बाहेरचा भाग म्हणजे पुढे पुढे करणारा क्लार्क, आतला म्हणजे खिडकीशी बसून पेंगणारा, आणि मधे वाटी, म्हणजे बिचारी जनता. मी बाईंना हे सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बोलू नका, दाबा."

पण त्यांची दोन बोटं जिथे टेकली होती तिथे मला माझा बाप दिसला. ज्ञानबा. तो मेंढरं कातरायला बसायचा तेव्हा मेंढराला पालथं पाडून दोन्ही मांड्यांत धरायचा, धोतर वर खोचलेलं, आणि त्याच्या गुडघ्याच्या वर, नेमकं इथेच, आतल्या अंगाला मुठीएवढा गोळा यायचा. मी समोर बसून तो गोळा बघायचो. मेंढरू धडपडलं की गोळा फुगायचा, गप झालं की उतरायचा. बापाला ते कळतही नसे, त्याचं लक्ष कातरीकडे. त्याने त्या गोळ्याला कधी हुकूम केला नाही. आणि उतारावरून मेंढरं खाली आणताना तो त्यांच्या पुढे, त्यांच्याकडे तोंड करून, मागे मागे उतरायचा, तोंडाने चिक चिक करत. एखादं घसरलं तर दिसावं म्हणून. सबंध टेकडी तो असा उतरे. त्याला कुणी मेंढरांचा चमचा म्हटलं नाही. मला शाळेत घातलं, मग मी खुर्चीवर बसलो, आणि खुर्चीवर बसणाऱ्याच्या मांडीला धरायला काही राहत नाही. बाप गेला तेव्हा मी त्याचे पाय धरले होते. मांड्या वाळून काठीसारख्या झाल्या होत्या. टेबलावर बसल्या बसल्या मला रडू यायला लागलं. दाक्षायणीबाईंना वाटलं दुखलं. म्हणाल्या, "एवढ्यात रडायचं नाही. अजून सुरूही झालं नाही."

मग मी रोज त्या स्नायूला हुकूम द्यायला लागलो. घरी पंच्यावर पाय ठेवून बसलो की केराबाई चुलीपासून बघायची. "काय चाललंय म्हनायचं?" "मांडीला सांगतोय, कडक हो म्हणून." "आदी पोरान्ला सांगा. ती तर समोर असून ऐकत न्हाईत, मांडी कुटली ऐकतीया." ऑफिसात टेबलाखाली पाय लांब करून दाबायचो. मांडी ऐकत नसे, पण भुवया ऐकत, जबडा ऐके, मानेच्या शिरा तर हाकेला धावून येत. समोर उभ्या असलेल्या अर्जदारांना वाटे मी भयंकर रागावलोय. होटगीचा एक शेतकरी तर, "चुकलं साहेब, पुन्यांदा येतो," म्हणून कागद न देताच पळाला. मला त्याच्यामागे धावता आलं नाही, ईश्वरप्पाला पाठवावं लागलं. शिवाय रोज एकदा तरी वर जावंच लागे आणि रोज मी उलटाच उतरे. वर साहेब कधी दारात असत, कधी नसत. नसले तर बंद दाराकडे तोंड करून उतरे, आणि ते तर फारच वाईट दिसे. टेबलांवरून खोकले उमटत. साहेबांनी माझ्या गोपनीय अहवालात काय लिहिलं याची लोक आपसांत खात्री देत. जोतीराम खोकत नसे. तो डोकं फाईलमध्ये घालून बसे, आणि तेच मला सहन होत नव्हतं. भिंतीकडे तोंड करून जेवणारा मित्र हे फार जड असतं. मी एकदा कागद पसरून त्यावर माझी चटणी-भाकरी ठेवली आणि नुसता बसलो. त्याने पाहिलं. म्हणाला, "बिरदेव, तू सरळ सांग. साहेबाला घाबरतूस, तर घाबरतो म्हन. मी समजून घिईन. पर गुडघ्यावर घालू नगंस." गुडघ्यावर किती आणि माझ्यावर किती हे मलाच माहीत नव्हतं.

स्नायू जागा झाला तो एका मंगळवारी, मी त्याला हुकूम देत नसताना. दाक्षायणीबाईंनी त्या दिवशी नवीन काढलं होतं: दोन गुडघ्यांमध्ये उशी धरायची आणि ती आवळत पाय सरळ करायचा. उशी दवाखान्याची, कापूस निघालेली, एका टोकाला गाठोडं. मी ती मांड्यांत धरली आणि ती निसटायला लागली. मी काही न ठरवता ती पकडली. तोंडातून चिक चिक असा आवाज गेला. आणि वाटीच्या वर, आतल्या अंगाला, आधी एक फडफड झाली, मग गोळा आला. लहानच होता, बोराएवढा. पण बाईंची बोटं त्यावर होती आणि बाई ओरडल्या, "आला! आला! सोडू नका!" शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याने टाळ्या वाजवल्या. बाईंच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी माझ्याबद्दल कुणाच्याही चेहऱ्यावर, लग्नातसुद्धा, पाहिला नव्हता. मी स्वतःच्या मांडीकडे बघत राहिलो. मला ती ओळखीची वाटली.

पुढे बोराचं लिंबू झालं. बाईंनी आधी पाटावरून उतरवलं, मग दवाखान्याच्या पायऱ्यांवरून, आणि मग एक दिवस म्हणाल्या, "आता ऑफिसचा जिना." आणि इथे मला खरी भीती वाटली. कारण इतके महिने साहेबांकडे तोंड करून उतरलेला माणूस एक दिवस पाठ करून उतरला, तर त्याचा अर्थ काय? ते साहेबांना काय वाटेल? आणि हा प्रश्न मला पडला म्हणजे जोतीराम म्हणत होता तेच खरं की. मग गुडघा बरा होऊन उपयोग काय? त्या दुपारी वरची सही घेऊन मी जिन्याच्या तोंडाशी उभा राहिलो. मागे दार उघडलेलं ऐकू आलं. साहेब दारात होते, त्यांच्या चष्म्याची नजर मला मानेवर कळत होती. खाली सगळी टेबलं वर बघत होती. माझं शरीर आपोआप वळायला लागलं, खांदा तर वळलाही. तेवढ्यात मी मांडी कडक केली. गोळा आला. मी त्याच्या जिवावर, साहेबांकडे सबंध पाठ करून, पहिली पायरी उतरलो. वाटी सरळ चालली. दुसरी. तिसऱ्या पायरीवर थांबलो, ती जुनी ओळखीची, तीही गेली. कठडा सोडला. खाली पोचलो तेव्हा ऑफिसात टाइपरायटरही वाजत नव्हता. ईश्वरप्पा माठाशी उभा होता, त्याचं तोंड पडलं होतं. म्हणाला, "अण्णा, हे काय केलं?" आणि जोतीराम खुर्चीवरून उठला, मधल्या टेबलावर त्याने कागद पसरला आणि आपला डबा त्यावर पालथा केला. मी घास घेणार तेवढ्यात वरची घंटा वाजली. साहेबांनी मला बोलावलं होतं.

वर गेलो. साहेब पुण्याचे, उंच, कमी बोलणारे. संध्याकाळी सगळे गेल्यावरच जायचे. काही म्हणत कामाचा माणूस, जोतीराम म्हणे आपले ड्रॉवर तपासतो. त्यांनी मला दार लोटायला सांगितलं. "आज सरळ उतरलात," ते म्हणाले. मी म्हणालो, "चुकलं साहेब." हा शब्द इतक्या पटकन तोंडातून गेला की मला स्वतःची लाज वाटली. साहेब इकडे तिकडे बघून हळूच म्हणाले, "चुकलं कसलं? कसं जमवलंत ते सांगा. मी तुमचं पाहूनच घरी उलटा उतरायला लागलो. बायको म्हणते, काय हे थेर. इथे सगळे जाईपर्यंत बसून राहतो, मग कठडा धरून उतरतो. दोन्ही गुडघे गेलेत हो माझे." एवढ्या मोठ्या ऑफिसात माझा गुडघा खरा मानणारा एकच माणूस होता, आणि तो वरच्या मजल्यावर होता. मला इतकं हलकं वाटलं की मी आपण कोण आणि ते कोण हे विसरलो. दोन खुर्च्या समोरासमोर लावल्या, साहेबांना एकीवर बसवून दुसरीवर पाय लांब करायला लावले. त्यांच्या खुर्चीच्या पाठीवरचा पांढरा टॉवेल, ज्याला धोब्याशिवाय कुणी हात लावत नाही, तो मी काढला, गुंडाळला आणि त्यांच्या गुडघ्याखाली सारला. "दाबा, साहेब." साहेबांनी जबडा आवळला. "तोंड नको, मांडी." आणि मी दोन बोटं त्यांच्या मांडीवर, आतल्या अंगाला ठेवली. तिथे काहीही नव्हतं. साहेबांचाही पेंगत होता.

इतक्यात दार धाडकन उघडलं. जोतीराम होता. मी पाठ दाखवली म्हणून साहेब मला फैलावर घेत असणार, असं समजून तो घास टाकून धावत आला होता, तोंडात भाकरी तशीच होती आणि भाकरीच्या पलीकडून तो ओरडला, "आमच्या मानसाला बोलायचं काम न्हाय!" मग त्याने पाहिलं. साहेब पाय पसरून, डोळे मिटून. मी खाली गुडघ्यावर, हात साहेबांच्या मांडीवर. जोतीरामचा जबडा थांबला. मी हात काढायला हवा होता. हे मला चांगलं कळत होतं. हाताचं बोट उचललं की मित्र वाचत होता. पण नेमका त्याच क्षणी माझ्या बोटाखाली काहीतरी फडफडलं. आधी वाटलं आपलीच नाडी. पुन्हा झालं. मग आला, बोराहून लहान, पण आला. "आला!" मी ओरडलो. "साहेब, सोडू नका! जोत्या, हिकडं ये, लवकर, हात लावून बघ!" जोतीराम म्हणाला, "मी? साहेबाच्या मांडीला?" "आरं जाईल तो, ये की!" माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे. तो आला, पलीकडे गुडघे टेकून वाकला, हात पँटीला पुसला आणि मी दाखवलं तिथे दोन बोटं टेकवली. बराच वेळ त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मग भुवया वर गेल्या. "व्हय की रं," तो म्हणाला. "हितं हाय कायतरी. जितं हाय." आणि माझ्याकडे वळून अगदी हळू, "तुजा बी आसाच मेला हुता?" मी मान हलवली. त्याने मोकळ्या हाताने माझा खांदा दाबला. त्या दाबण्यासाठी मी आणखी वर्षभर उलटा उतरलो असतो.

दारात बशी किणकिणली. ईश्वरप्पा चहा घेऊन आला होता. त्याने बघितलं: साहेब मिटल्या डोळ्यांनी बसलेले, आणि खाली दोन्ही बाजूंना गुडघे टेकून, साहेबांच्या मांडीवर हात ठेवून, एकीकडे मी आणि एकीकडे संघटनेचा सेक्रेटरी. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ट्रे दोन्ही हातांनी कपाळाशी नेऊन त्याने आम्हा तिघांना नमस्कार केला आणि आमच्याकडे तोंड करून, एक थेंब न सांडता, उंबरा ओलांडून मागे मागे जिना उतरायला लागला. त्याची पावलं एकेक पायरीवर सावकाश वाजत होती. खाली सगळी टेबलं त्याची वाट बघत असणार. जोतीरामची बोटं अजून साहेबांच्या मांडीवर होती.

"बिरदेव," तो म्हणाला, "आता आपन खाली उतरायचं कसं रं?"